आपले प्रश्न : अंगठीची गोष्ट आणि रविवारची बैठक

प्रश्न : मी मिरजेत राहतो आणि सांगलीत नोकरी करतो. आम्ही सहा मित्र दर रविवारी रात्री विश्रामबागेतल्या एका मित्राच्या घरी भडंगाची परात मध्ये ठेवून चित्रपट पाहतो. आमच्यापैकी तिघे ख्रिस्ती मंडळीतले, म्हणजे चर्चचे सभासद, दोघे हिंदू आणि एक मुसलमान आहे. गेल्या महिन्यात आम्ही ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चे तिन्ही भाग हिंदीतून पाहिले आणि आता ‘नार्निया’ पाहायचे ठरले आहे. या कथांमध्ये ख्रिस्ती अर्थ आहे असे माझ्या वाचनात आले होते, म्हणून मी तो मित्रांना समजावू लागलो, परंतु यातला ख्रिस्त कोण, असे विचारल्यावर मला नीट उत्तर देता आले नाही, आणि एक जण म्हणाला, “अरे, ही तर आपल्या भस्मासुराची गोष्ट!” इकडे मंडळीतील एका वडीलधाऱ्यांनी बजावले की जादूटोणा दाखवणारे चित्रपट पाहणे पवित्र शास्त्राला मान्य नाही. हे चित्रपट आम्ही पाहावेत का, आणि त्यांतला अर्थ मित्रांना कसा सांगावा?
— एक वाचक, मिरज

उत्तर : वडीलधाऱ्यांचे म्हणणे आधी घेतो, कारण ते हसण्यावारी नेण्यासारखे नाही. पवित्र शास्त्रातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायात शकुन पाहणे, मंत्रतंत्र करणे, मृतांना विचारणे या गोष्टींना स्पष्ट मनाई आहे, आणि आपल्या भागात ती मनाई पुस्तकापुरती कधीच नव्हती. उतारा, भानामती, देवऋषी यांच्या धाकात किती घरे खचली हे जुन्या पिढीने डोळ्यांनी पाहिले आहे; साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांना याच अंधश्रद्धेविरुद्ध आयुष्य वेचावे लागले आणि जादूटोणाविरोधी कायदा व्हायला २०१३ साल उजाडले. ज्यांच्या आजोबांनी येशूच्या नावाने तो धाक झुगारला, त्यांना पडद्यावरच्या मंत्राचेही वावडे असणे स्वाभाविक आहे. त्यांच्याशी वाद घालू नये. नव्या करारातील रोमकरांस पत्राच्या चौदाव्या अध्यायात प्रेषित पौलाने खाण्यापिण्याविषयी जे लिहिले, तेच इथेही लागू पडते : तुम्हाला मोकळीक असली तरी तिचा उपयोग दुसऱ्याच्या विवेकबुद्धीला ठेच लावण्यासाठी करायचा नाही.

तरीही शास्त्राची मनाई देवाला बाजूला सारून शक्ती किंवा गुप्त ज्ञान मिळवण्याच्या धडपडीला आहे. कथेत राक्षस, बोलणारी झाडे किंवा मायावी वस्तू येण्याला नाही. ज्या सांगलीत विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, त्या सांगलीच्या माणसाला राक्षस रंगमंचावर आला म्हणजे तो घरी येत नाही, हे कोणी शिकवायला नको. बोलणाऱ्या झाडांचे म्हणाल तर ती पवित्र शास्त्रातच आहेत. शास्ते या पुस्तकाच्या नवव्या अध्यायात योथाम गरिज्जीम डोंगरावर उभा राहून एक गोष्ट सांगतो. झाडे आपल्यासाठी राजा शोधायला निघतात. जैतून म्हणते, मी माझे तेल सोडून तुमच्यावर डोलायला येऊ काय. अंजीर आपला गोडवा सोडायला तयार नाही, द्राक्षवेल आपला रस सोडायला तयार नाही. शेवटी काटेरी झुडूप मोठ्या तोऱ्यात म्हणते, या, माझ्या सावलीत बसा, नाहीतर माझ्यातून निघालेली आग लबानोनाच्या गंधसरूंना खाऊन टाकील. काटेरी झुडपाला सावली ती किती असणार!

ही गोष्ट मनात ठेवून ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा तुम्ही पाहिलेला पहिला भाग आठवा. दुष्ट सत्ताधीशाने घडवलेली मायावी अंगठी फ्रोडो या साध्यासुध्या नायकाच्या हाती येते आणि ती ज्वालामुखीत टाकून नष्ट करायची असते. अंगठी घ्या, असे फ्रोडो गँडाल्फला म्हणतो, तेव्हा तो जाणता म्हातारा चटका बसल्यासारखा मागे सरतो, कारण आपण भले करण्याच्या इच्छेनेच ती वापरू आणि त्यातूनच भयंकर अनर्थ होईल, हे त्याला कळते. पुढे गॅलाड्रियल राणीलाही तीच अंगठी देऊ केली जाते. क्षणभर तिचे रूप पालटून अक्राळविक्राळ होते, मग ती शांतपणे नकार देते आणि आपले तेज ओसरेल हे मान्य करते. जे राज्य करायला लायक आहेत ते नको म्हणतात आणि ज्याच्यापाशी सावलीच नाही तो हात पुढे करतो, ही योथामाची गोष्ट इथे जशीच्या तशी उभी आहे. अंगठी म्हणजे दुसऱ्याच्या इच्छेवर ताबा मिळवण्याची जादू, आणि तीन भागांची, नऊ तासांहून लांब अशी ही सगळी कथा ती जादू वापरायची नाही, एवढ्यासाठीच आहे. वडीलधाऱ्यांना सांगायचेच झाले तर एवढेच सांगावे.

आता यातला ख्रिस्त कोण? माझ्या मते हा प्रश्नच थोडा चुकीचा विचारला गेला, आणि दोष तुमच्या मित्रांचा नाही. ही कथा १९५४-५५ साली प्रसिद्ध झाली. तिचे लेखक टोल्कीन हे श्रद्धावान कॅथलिक होते आणि १९५३ साली एका धर्मगुरूमित्राला लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपली कृती मूलतः धार्मिक आणि कॅथलिक असल्याचे म्हटले होते. परंतु रूपककथेचा, म्हणजे हे पात्र म्हणजे अमुक आणि ते पात्र म्हणजे तमुक अशा हिशेबाचा, त्यांना मनापासून तिटकारा होता. पुस्तकाच्या परिशिष्टांत पाहिले तर अंगठी नष्ट होण्याचा दिवस २५ मार्च दिला आहे, म्हणजे मरीयेला देवदूताचा निरोप मिळाल्याचा सण, आणि फ्रोडो व त्याचे सोबती प्रवासाला निघतात तो दिवस २५ डिसेंबर, म्हणजे नाताळ. चित्रपटात या तारखा कोणी बोलून दाखवत नाही. असे जुळवून पाहण्यात मौज आहे, मीही ती घेतो. पण कोडी सोडवल्याने हृदय हलत नाही आणि मित्रांना तर ती मुळीच सांगू नयेत, कारण मग त्यांना वाटते की आपण चित्रपट पाहत होतो आणि हा मात्र आपली परीक्षा घेत होता.

त्यापेक्षा भस्मासुराची आठवण काढणाऱ्या मित्राचे बोट धरा. त्याने फार चांगली गोष्ट पकडली आहे, कारण दोन्हीकडे दुष्टाची शक्तीच दुष्टाला संपवते. पण कशी संपवते, हा पुढचा प्रश्न त्याला विचारा. भस्मासुराला मोहिनीने नाचता नाचता स्वतःच्या डोक्यावर हात ठेवायला लावले. तिथे विजय युक्तीचा होता. इथे मात्र युक्ती, शौर्य, निष्ठा सगळे संपते. ज्वालामुखीच्या तोंडाशी उभा राहून फ्रोडो अंगठी टाकायला नकार देतो. नायक हरतो! मग अंगठी नष्ट कशी झाली? पूर्वी ती अंगठी बाळगणारा, केविलवाणा, कपटी गोलम ती हिसकावून घेतो आणि तिच्यासकट आगीत पडतो म्हणून. चित्रपटात दोघांची कड्यावर झटापट दाखवली आहे; पुस्तकात तर त्याला कोणी हातही लावत नाही, तो आनंदाने नाचताना तोल जाऊन पडतो. आणि गोलम तिथवर जिवंत पोहोचलाच कसा? फ्रोडोचा वडीलधारा नातलग बिल्बो याने कित्येक वर्षांपूर्वी गुहेत त्याच्यावर तलवार उगारून खाली घेतली म्हणून, आणि पुढे फ्रोडोनेही त्याची कीव केली म्हणून. पहिल्या भागात मोरियाच्या खाणींच्या अंधारात बसून गँडाल्फ फ्रोडोला त्या दयेविषयी बोलतो, तो प्रसंग पुन्हा लावून पाहा. पहिल्यांदा पाहताना तो कंटाळवाणा वाटतो आणि शेवट माहीत असताना अंगावर काटा येतो. जी दया दाखवताना काहीच लाभ दिसत नव्हता, तीच दया दाखवणाऱ्याच्या पराभवानंतर उपयोगी पडली. ‘कृपा’ हा शब्द आपण दर रविवारी इतक्या वेळा उच्चारतो की तो गुळगुळीत झाला आहे; मला तरी त्याला पुन्हा धार आलेली दिसली ती या ठिकाणी.

आणखी एक दृश्य सांगतो, कारण ते मला सोडवत नाही. शेवटच्या चढणीवर फ्रोडो कोसळतो. त्याचा निष्ठावान सोबती सॅम याला त्याचे ओझे घेता येत नाही, ती अंगठी दुसऱ्याने वाहायचीच नाही. म्हणून तो फ्रोडोलाच पाठीवर घेऊन चढू लागतो. गलतीकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल आधी म्हणतो, एकमेकांची ओझी वाहा, आणि तीनच ओळींनंतर म्हणतो, प्रत्येकाने आपापला भार वाहिला पाहिजे. ही दोन वाक्ये एकत्र कशी नांदतात, हे मी तरुण संघात अनेकदा समजावण्याचा प्रयत्न केला आणि दरवेळी अडखळलो. सॅमच्या वाकलेल्या पाठीकडे पाहताना ती विसंगती नाहीशी झाली. आमच्याकडे हा भाग पाहताना शेजारी बसलेले गृहस्थ चष्मा पुसत होते. ते मंडळीतले नव्हते, आणि मी त्यांना गलतीकरांस पत्राविषयी काही बोललो नाही. तेव्हा बोलणे बरे दिसले नसते.

‘नार्निया’ची गोष्ट निराळी आहे. सी. एस. लुईस यांच्या १९५० सालच्या पुस्तकावरून २००५ साली निघालेल्या पहिल्या चित्रपटात एडमंड नावाचा मुलगा मिठाईच्या लोभाने भावंडांचा घात करतो आणि अस्लान हा सिंह त्याच्या जागी दगडी चौथऱ्यावर मरण पत्करतो. इथे अर्थ शोधावा लागत नाही, तो समोरच येतो. तुमच्या मित्रांनाही तो दिसेल. तुम्ही गप्प राहा. कोणी विचारलेच तर तुम्हाला ठाऊक असलेली मूळ गोष्ट तुमच्याच शब्दांत, चार वाक्यांत सांगा आणि भडंगाची परात पुढे सरकवा.

मित्रांशी बोलावेच कसे, याचा एक दाखला या दोघा लेखकांच्या आयुष्यातच आहे. १९३१ च्या सप्टेंबरात ऑक्सफर्डला एका रात्री टोल्कीन, लुईस आणि ह्यूगो डायसन हे तिघे मित्र फिरता फिरता पुराणकथांविषयी बोलत राहिले, ते मध्यरात्र उलटून गेली तरी. मरून पुन्हा उठणाऱ्या देवाच्या जुन्या कथा लुईस यांना फार आवडत, मात्र तीच गोष्ट शुभवर्तमानात आली की ते पाठ फिरवत. मित्रांनी त्यांची आवड खोडून काढली नाही. ज्या कथांनी तुझे मन हलते तशीच ही आहे, फक्त ही खरोखर घडली, एवढेच म्हटले. त्यानंतर काही दिवसांतच लुईस ख्रिस्ताकडे वळले. आणि ऑक्सफर्ड लांब वाटत असेल तर सातारा जवळ आहे. १९१७ साली तिथे ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडणारे रेव्हरंड ना. वा. टिळक, आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या चरणांशी आलो, असे म्हणत. पूल ओलांडल्यावर तो पाडावा, असे त्यांना कधी वाटले नाही. तुमच्या हिंदू मित्राचा भस्मासुर आणि मुसलमान मित्राने आजीकडून ऐकलेल्या जिनांच्या गोष्टी, यांनाही त्या बैठकीत तितकीच जागा असू द्या. सहा जणांपैकी एकटाच अर्थ सांगणारा असला, तर दोन-तीन रविवारांत बैठक मोडते.

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. शाळेतल्या मित्रांमुळे त्याने जादूगारांच्या शाळेचे चित्रपट पाहण्याचा हट्ट धरला आहे. वर तुम्ही काय लिहाल याचा अंदाज असल्यामुळेच विचारते, लहान मुलांनाही तेच लागू आहे का?
— एक आई, कोरेगाव, जिल्हा सातारा

उत्तर : ताई, तुमचा अंदाज अर्धाच बरोबर आहे. त्या ‘हॅरी पॉटर’ मालिकेच्या २००७ सालच्या शेवटच्या पुस्तकात, एका थडग्यावर ‘जो शेवटचा शत्रू नाहीसा केला जाईल तो मृत्यू’ आणि दुसऱ्यावर ‘जिथे तुमचे धन आहे तिथे तुमचे मनही असेल’ या अर्थाची वचने कोरलेली आहेत. दोन्ही पवित्र शास्त्रातली, पहिले करिंथकरांस पहिल्या पत्रातले आणि दुसरे मत्तयाच्या शुभवर्तमानातले. तेव्हा विषयाची भीती बाळगू नका. वयाची मात्र बाळगा, कारण सुरुवातीचे दोन भाग मुलांचे आहेत आणि नंतरचे अधिकाधिक काळोखे होत जातात. पहिला भाग दिवसा, तुम्ही शेजारी बसून पाहा, त्याला छडी फिरवत मंत्र म्हणू द्या, दुसऱ्या दिवशी तो विसरला की नाही ते पाहा, आणि पुढच्या भागाचे त्यानंतर ठरवा. पाहताना रिमोट मात्र त्याच्याच हातात द्या, म्हणजे भीती वाटली तर बंद करण्यासाठी त्याला कोणाची परवानगी मागावी लागणार नाही.