अस्पष्ट म्हणजे कुठे अस्पष्ट?

प्रिय मुली,

तुझं पत्र काल दुपारी वाचलं, रात्री पुन्हा वाचलं. तपासणाऱ्याने तुझ्या अनुवादाच्या समासात अकरा ठिकाणी नुसतं इंग्रजी 'व्हेग' (vague) लिहून कागद परत पाठवले. तू कोश उघडलास. तिथे अस्पष्ट, संदिग्ध, मोघम, धूसर, अनिश्चित असे पाच शब्द एका ओळीत मिळाले. आता विचारतेस, यातला खरा कोणता आणि मी दुरुस्त काय करू?

कोशाने तुला पाच शब्द दिले आणि पाचही सारखेच आहेत असा तुझा समज झाला. हाच समज मी अनेक वर्षं बाळगला होता. त्याची किंमत दुसऱ्या कोणी मोजली असेल, मला कधी कळणार नाही. म्हणून हे पत्र लांबेल.

आधी शब्द. 'व्हेग' लॅटिन 'वेगस'वरून आला, अर्थ भटकणारा, एका जागी न ठरणारा. 'व्हॅगबाँड' हा भटका शब्द त्याच घरातला. 'एक्स्ट्रॅव्हॅगंट'ही तिथलाच, हद्द सोडून भटकलेला. मेंदूतून निघणाऱ्या नसांपैकी दहावी नस मानेतून, छातीतून थेट पोटापर्यंत जाते. तिलाही शरीरशास्त्रज्ञांनी 'व्हेगस' म्हटलं, कारण ती इतकी लांब भटकते. हे चित्र डोक्यात ठेव. व्हेग वाक्यात काही लपवून ठेवलेलं नसतं. त्याचा अर्थ एका जागी उभा राहत नाही, एवढंच. (उच्चार 'व्हेग'. शेवटचं 'यू-ई' बोलायचं नाही, 'लीग' आणि 'प्लेग'मध्ये बोलत नाही तसंच. तू फोनवर 'व्हॅग्यू' म्हणाली होतीस.)

'अँबिग्युअस' वेगळा. तोही लॅटिनच, पण त्यात 'दोन्हीकडे हाकणं' आहे. म्हणजे अर्थ दोन, आणि दोन्ही आपापल्या जागी लख्ख. अश्वत्थामा मेला, हे वाक्य घे. नरो वा कुंजरो वा. द्रोणाचा मुलगाही स्पष्ट, हत्तीही स्पष्ट. कुठलाच अर्थ पुसट नाही, फक्त दोघांतला कोणता ते ऐकणाऱ्याला ठरवता येत नाही. 'रणांगणावर काहीतरी वाईट घडलं आहे' असं धर्मराज म्हणाला असता, तर ते व्हेग. आणि 'ऑब्स्क्युअर' तिसराच. त्याच्या मुळाशी अंधार आहे. अर्थ एकच असतो, नेमका असतो, पण वाचणाऱ्यापर्यंत पोचत नाही. आपण त्याला दुर्बोध म्हणतो.

तू या तिघांनाही 'अस्पष्ट' लिहिलं आहेस. तिन्ही ठिकाणी.

मी एकच प्रश्न विचारते आणि आयुष्यभर विचारत आले आहे: कुठे अस्पष्ट? अर्थ मोजता येतात का बघ. दोन किंवा तीन असे मोजता आले, तर अँबिग्युअस, मराठीत संदिग्ध किंवा द्व्यर्थी. 'मी त्याला धावताना पाहिलं'. कोण धावत होतं, मी की तो? दोनच उत्तरं, मोजून. अर्थ मोजताच येत नसतील, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत घसरत जात असतील, तर व्हेग. 'लवकरच कळवू'. लवकर म्हणजे उद्या, पुढचा आठवडा, पुढचा महिना? कुठे रेघ मारशील? यासाठी आपल्याकडे 'मोघम' हा इतका नेमका शब्द आहे आणि तुझ्या चाळीस पानांत तो एकदाही आलेला नाही, याचं मला खरंच वाईट वाटलं.

रेघ मारता न येणं ही फार जुनी अडचण आहे. इसवी सनपूर्व चौथ्या शतकातल्या मायलीटसच्या युब्युलिडीस या ग्रीक तत्त्वज्ञाच्या नावावर एक कोडं सांगतात. धान्याची रास आहे, एक दाणा काढला, रास उरते. आणखी एक काढला, तरी उरते. असं करत शेवटी एकच दाणा राहतो. मग रास कुठल्या दाण्याला संपली? तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलने 1923 मध्ये याच विषयावर निबंध लिहिला तेव्हा टकलाचं उदाहरण घेतलं. कितवा केस गळला की माणूस टकला होतो? उत्तर नाही, आणि तरी रास व टक्कल हे शब्द आपण रोज बिनदिक्कत वापरतो. व्हेग असणं हा प्रत्येक वेळी दोष नसतो, हे तुझ्या तपासणाऱ्यालाही कोणीतरी सांगायला हवं. अकरापैकी चार ठिकाणी मूळ इंग्रजीच मोघम आहे आणि तू ते बरोबर मोघम ठेवलं आहेस. तिथे काही बदलू नकोस. समासात नुसतं 'व्हेग' लिहून कागद परत पाठवणं हे त्याचं चुकलंच. कुठे ते त्याने लिहायला हवं होतं. पण उरलेली सात ठिकाणं तुझी आहेत.

आता माझी चूक सांगते. कामाला लागून तीनेक वर्षं झाली होती. रुग्णांसाठीचं एक माहितीपत्रक अनुवादासाठी आलं. त्यात पोटदुखीबद्दल 'व्हेग पेन' असं होतं. मी लिहिलं, 'किरकोळ दुखणं'. वाक्य वाचायला छान झालं, कोणी हरकत घेतली नाही, पत्रक छापून वाटलं गेलं. पुढे एका डॉक्टरांनी ते वाचून मला विचारलं, किरकोळ कुठून आणलंत? व्हेग पेन म्हणजे कमी दुखणं नव्हे. दुखतंय नक्की, पण बोट ठेवून जागा दाखवता येत नाही, ते व्हेग. आतल्या अवयवांचं दुखणं पुष्कळदा असंच असतं. अपेंडिक्सला सूज आली की नेहमीच्या क्रमात आधी बेंबीभोवती असं बिनजागेचं दुखतं आणि नंतर ते उजवीकडे खाली सरकून एका ठिकाणी बसतं. मोघम होती ती जागा, आणि मी मोघम केली तीव्रता. 'किरकोळ' वाचून किती जण घरी पडून राहिले असतील? कदाचित एकही नाही. मला माहीत नाही, आणि हे माहीत नसणं अजून गेलेलं नाही.

त्या दिवशी मी स्वतःला 'कुठे?' हा प्रश्न विचारला असता तर ते टळलं असतं. दुखणं अस्पष्ट म्हणजे कुठे अस्पष्ट? जागेत, वेळेत, तीव्रतेत, की सांगणाऱ्याच्या शब्दांत? एक मिनिटाचं काम होतं.

तुझ्या सातव्या पानावर साक्षीदाराबद्दल 'शी वॉज व्हेग अबाउट द डेट्स' आहे. तू लिहिलंस, 'ती तारखांबाबत अस्पष्ट होती'. माणूस मराठीत अस्पष्ट कसा असेल? धुक्यात उभी होती का? तिला तारखा नीट आठवत नव्हत्या, की तिने सांगायचं टाळलं? इंग्रजी वाक्यात दोन्ही मावतात. पण पुढच्याच ओळीत वकील तिला पुन्हा तोच प्रश्न विचारतो आणि ती विषय बदलते. मग 'तारखांबद्दल ती मोघमच बोलली'. तू पुढची ओळ वाचून मागे आली नाहीस. नवव्या पानावरचं 'व्हेगली फॅमिलिअर' तर 'अस्पष्टपणे परिचित' झालं आहे! चेहरा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला, असं आपण म्हणतो. 'आय हॅव्हन्ट द व्हेगेस्ट आयडिया' म्हणजे अजिबात कल्पना नाही. तिथे 'सर्वांत अस्पष्ट कल्पना' लिहिणं म्हणजे वाक्य न वाचता शब्द उतरवणं. मी रागावले आहे असं वाटेल. रागावलेच आहे. तुझा कान चांगला आहे, म्हणूनच.

कधी कधी सगळा पेच एखाद्या बारक्या शब्दात असतो. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने 22 नोव्हेंबर 1967 रोजी ठराव 242 एकमताने मंजूर केला. इस्रायली सैन्याने 'फ्रॉम टेरिटरीज ऑक्युपाइड' मागे जावं, असं त्यात आहे. 'टेरिटरीज'च्या आधी 'द' नाही. मग सगळ्या व्यापलेल्या प्रदेशांतून की काहींतून? फ्रेंच मसुद्यात 'दे तेरितुआर' आहे, आणि ते 'त्या प्रदेशांतून' असं वाचता येतं. त्या एका 'द'वरून आजतागायत वाद चालू आहे. हे मराठीत कसं आणशील? आपल्या भाषेत 'द' नाहीच. 'व्यापलेल्या प्रदेशांतून' लिहिलंस की तो पेच दिसेनासा होतो, आणि 'सर्व' घातलास तर एका पक्षाची बाजू घेतलीस. मी तिथे तळटीप देईन. पण तळटीप द्यायची हे कळायला, वाक्य कुठे आणि कसं अस्पष्ट आहे ते आधी कळावं लागतं. पुन्हा तेच: कुठे?

माझ्या हटवादीपणाबद्दल तू ऐकलं असशील. एका करारात 'विदिन अ रीझनेबल टाइम' होतं. मी 'वाजवी मुदतीत' लिहिलं. वरिष्ठ म्हणाले, मोघम वाटतं, 'पंधरा दिवसांत' करा. मी नाही म्हटलं. मूळ लिहिणाऱ्यांनी मुदत मुद्दाम मोकळी ठेवली होती, कारण पुढे काय अडचणी येतील ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. ती मोकळीक काढून घेण्याचा हक्क अनुवादकाला नाही. ते काम माझ्याकडून गेलं आणि त्यानंतर तिथून दुसरंही आलं नाही. घरचे म्हणाले, एका शब्दासाठी? हो, एका शब्दासाठी. तेव्हा पैशांची गरज होती, तरी आज तोच कागद समोर आला तर मी तेच लिहीन. 'किरकोळ'मध्ये मी आपल्या पदरचं घातलं होतं. 'पंधरा दिवस' हेही पदरचंच झालं असतं, फक्त अधिक नेटकं दिसलं असतं.

तू विचारलंस, मग मराठीत नेहमीसाठी एकच प्रतिशब्द ठरवून टाकावा का. नको. आठवण व्हेग असेल तर पुसट. धुक्यातला आकार असेल तर अंधुक. आश्वासन असेल तर मोघम. भीती असेल तर अनामिक. 'संदिग्ध' मात्र अँबिग्युअससाठी राखून ठेव. आपल्या काव्यशास्त्रात संदिग्ध हा दोष आहे, आणि दोन अर्थ जाणूनबुजून, शोभेसाठी आणले की तोच श्लेष अलंकार होतो. इतकी बारीक नजर असलेल्या परंपरेतून आलेल्या मुलीने सगळीकडे 'अस्पष्ट' लिहून मोकळं व्हावं, हे मला सहन होत नाही.

ती सात ठिकाणं मी कागदावर पेन्सिलने खूण करून ठेवली आहेत, पण तुला सांगणार नाही. आधी तू शोध. प्रत्येकासमोर समासात एक ओळ लिही: काय अस्पष्ट आहे, कुठे आहे, आणि ते मुळात होतं की तुझ्याकडून झालं. मग अनुवादाला हात लाव. सातवं पान सगळ्यांत आधी पाठव, रविवारपर्यंत.