‘शाश्वत फॅशन’ आणि रोज तोच रंग ल्यायलेली उषा

प्रश्न असा आहे: ‘जागतिक शाश्वत विकासात फॅशन उद्योगाची भूमिका’ या विषयावर लिहिताना ‘सस्टेनेबल फॅशन’ला ‘शाश्वत’ म्हणावं की ‘टिकाऊ’? आणि उद्योग ‘भूमिका बजावतो’ हे चालेल का?

‘टिकाऊ’ नको. जाहिरातींमधून तो ऐकून ऐकून कान किटले आहेत. टिकाऊपणा हा मालाचा गुण: शिवण उसवत नाही, रंग विटत नाही. त्या हिशेबाने पॉलिएस्टरचा नंबर पहिला. जगात तयार होणाऱ्या धाग्यांत निम्म्याहून जास्त वाटा त्याचाच. तो खनिज तेलापासून बनतो, धुताना सूक्ष्म तंतू पाण्यात सोडतो आणि टाकून दिला तरी वर्षानुवर्षं कुजत नाही. इतका टिकतो, हेच तर दुखणं! उलट ‘शॉडी’ घ्या. इंग्लंडात यॉर्कशरमधल्या बॅटली गावी १८१३च्या सुमारास बेंजामिन लॉ यांनी लोकरीच्या चिंध्या पिंजून, त्यात नवी लोकर मिसळून पुन्हा सूत काढलं, ते हे कापड. पिंजताना तंतू तुटून आखूड होतात, त्यामुळे ताकद कमी. पुढे इंग्रजीत ‘शॉडी’ म्हणजे निकृष्ट, असाच अर्थ रुळला. कचरा वाचवणाऱ्या कापडाच्या नशिबी शिवी आली आणि न कुजणाऱ्याला ‘टिकाऊ’ हे प्रशस्तिपत्र.

तेव्हा ‘शाश्वत’च. यावर शुद्धतावाद्यांचा आक्षेप ठरलेला: शाश्वत म्हणजे अढळ, फॅशन म्हणजे चार दिवसांची, म्हणून हा वदतोव्याघात, म्हणजे स्वतःलाच खोडणारं बोलणं. कोश न उघडता घेतलेला आक्षेप आहे हा. ‘शाश्वत’ आला ‘शश्वत्’वरून, आणि ‘शश्वत्’मध्ये मुळात अढळपणा नाही, येत राहणं आहे. मोनियर-विल्यम्सच्या संस्कृत-इंग्रजी कोशात तर या शब्दाखाली पुनःपुन्हा उगवणाऱ्या उषांचा, म्हणजे पहाटांचा, खास उल्लेख आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात उषेबद्दल म्हटलंय, ‘शश्वत्तमागात् पुनरेयुषीणाम्’. पुन्हा पुन्हा येणाऱ्यांतली सर्वांत नेमाची ती आली. वाल्मीकींच्या ‘मा निषाद’ श्लोकातल्या ‘शाश्वतीः समाः’ही वर्षांमागून येणारी वर्षंच. वर्ष कधी अढळ असतं का?

आता खरी गंमत. याच मंडलातल्या ९२व्या सूक्तात उषा नर्तकीसारखी नक्षीदार वस्त्रं अंगावर घेते, आणि पुढे तिचं वर्णन येतं: ‘पुनःपुनर्जायमाना पुराणी समानं वर्णमभि शुम्भमाना’. पुन्हा पुन्हा जन्मणारी, पुरातन, आणि रोज तोच रंग लेऊन सजणारी! नटायची हौस दांडगी, पण रंग कालचाच. शाश्वत फॅशनची याहून नेमकी व्याख्या मला तरी माहीत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या ब्रुंटलँड आयोगाने १९८७मध्ये केलेली शाश्वत विकासाची व्याख्या, म्हणजे पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजच्या गरजा भागवणं, तीही अढळपणाची नाहीच. पुढच्यांनाही मिळत राहावं, एवढंच तिचं मागणं. हे ओढूनताणून आणलंय म्हणणाऱ्यांनी खुशाल म्हणावं. त्यांनी सुचवलेला ‘चिरस्थायी फॅशन’ हा शब्द मला तरी समाधीवर कोरायच्या लायकीचा वाटतो.

अर्थात शब्द बरोबर म्हणून माल बरोबर ठरत नाही. जुन्या कपड्यांपासून पुन्हा कपडेच होण्याचं प्रमाण जगभरात एक टक्क्याहूनही कमी असल्याचा अंदाज आहे. कापूस आणि पॉलिएस्टर एकत्र विणलं की ते पुन्हा वेगळं करणं जिकिरीचं, हे त्याचं एक मोठं कारण. तिथे ‘शाश्वत कलेक्शन’ची चिठ्ठी लावणं ही शुद्ध लबाडी.

हां, ‘भूमिका’ राहिलीच. बजावायची ती कामगिरी किंवा कर्तव्य. भूमिका नट वठवतो आणि पुढारी घेतो. शीर्षकात सरळ ‘वाटा’ लिहा. कंपन्यांनी नुसत्याच घोषणा केल्या असतील, तर मात्र ‘भूमिका’ राहू द्या.