गुदमैथुनाआधी आतून किती धुवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दोघांचीही इच्छा आहे, पण 'घाण झाली तर?' या धास्तीने तुम्ही आधी तासभर शॉवरच्या नळीने आतून धूत बसता. शेवटी पोटात कळा येतात आणि मूडच जातो. मग स्वच्छता करायची तरी कशी?

आधी ती नळी बाजूला ठेवा. माझीही सुरुवात अशीच झाली होती. चार-पाच वेळा पाणी घेतलं, बाहेर येणारं पाणी नितळ दिसायला लागलं म्हणून खूश झालो. वीस मिनिटांनी अंथरुणातच पोटात गुडगुड सुरू झाली आणि मी तसाच संडासाकडे पळालो. कमी धुतलं म्हणून असं झालं, असा माझा समज. म्हणून पुढच्या वेळी आणखी धुतलं. घोटाळा जास्त धुण्यामुळेच होतोय हे कळायला मला बरेच महिने लागले.

कारण साधं आहे. गुदद्वाराच्या आत गुदाशय असतो, साधारण 12 ते 15 सेंटिमीटर लांबीचा. तो एरवी बहुतेक रिकामाच असतो. मळ साठतो तो त्याच्या वर, आतड्याच्या वळणदार भागात, आणि तिथून खाली उतरला की आपल्याला शौचाची जाणीव होते. म्हणजे पोट नीट साफ झालं असेल तर तुम्हाला हवी असलेली जागा जवळपास मोकळीच असते. नळीने भसाभस पाणी सोडलं की ते वळण ओलांडून वर जातं, तिथे गुमान बसलेला मळ पातळ करतं आणि सवडीने खाली येतं. शिवाय नळीच्या पाण्याचा जोर आणि गरमपणा आपल्या हातात नसतो. आतल्या अस्तराला कातडीसारखी वेदना कळत नाही, त्यामुळे भाजलं किंवा ओरखडा उठला तरी लगेच समजत नाही.

माझं आताचं वेळापत्रक अगदीच कंटाळवाणं आहे. आहारात तंतुमय पदार्थ, भरपूर पाणी, कधी कधी रात्री इसबगोल. निम्मं काम तिथेच होतं. शौचाला जाऊन आल्यावर बाहेरून कोमट पाण्याने धुतो. साबण लावलाच तर सौम्य आणि फक्त बाहेर. बऱ्याचदा एवढ्यावरच भागतं.

आतून धुवायचंच असेल तर औषधाच्या दुकानात एनिमाचा रबरी फुगा मिळतो, तो घ्या. एका वेळी 200-250 मिलीलिटर पाणी पुरतं. मनगटाच्या आतल्या बाजूला थेंब टाकून बघायचं. गरमही नको, गारही नको. टोकाला लुब्रिकंट (घर्षण कमी करणारं बुळबुळीत जेल) लावायचं, हळूच आत घालायचं, फुगा सावकाश दाबायचा. काही सेकंद थांबून पाणी सोडून द्यायचं. एकदा, फार तर दोनदा. मग कमोडवर निवांत बसून राहायचं आणि त्यानंतर तासभर मध्ये जाऊ द्यायचा. घाई केलीत तर माझ्यासारखे पळाल. लिटरभर उकळून निवलेल्या पाण्यात 9 ग्रॅम मीठ घातलं तर ते साध्या पाण्यापेक्षा अस्तराला बरं. मीठ मोजून घाला, अंदाजे नको. साबण, लिंबू, जंतुनाशक यातलं काहीही आत जाता कामा नये. बद्धकोष्ठतेसाठी मिळणारे फॉस्फेटचे तयार एनिमाही या कामाचे नाहीत, त्यांनी अस्तर चुरचुरतं. जुलाबाची गोळी तर मुळीच नको. आणि फुगा ज्याचा त्याने वापरायचा.

रोज किंवा दिवसातून अनेकदा धुण्याला मी इतका विरोध का करतो? ते अस्तर फार नाजूक असतं आणि वरचा बुळबुळीत थर हेच त्याचं संरक्षण. तो धुऊन टाकला की संसर्गाला वाट मोकळी. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या अंदाजानुसार, एचआयव्ही असलेल्या आणि उपचार न घेणाऱ्या जोडीदाराशी कंडोमविना गुदमैथुन केल्यास आत घेणाऱ्याला 10,000 संबंधांमागे 138 वेळा लागण होऊ शकते. योनीमार्गे हाच आकडा 8 आहे. स्वच्छ धुतलं म्हणजे सुरक्षित झालं, असा अर्थ कृपया काढू नका. कंडोम हवाच. लुब्रिकंट पाण्याचं किंवा सिलिकॉनचं, आणि सढळ हाताने. तेल किंवा व्हॅसलीन लावलं तर लेटेक्सचा कंडोम फाटतो. गुदद्वारातून योनीत जायचं असेल तर आधी कंडोम बदला. बधिर करणारी जेल वापरू नका. दुखणं ही थांबण्याची सूचना असते, ती बंद करून काय मिळवणार?

अजून दोन बारक्या गोष्टी. नखं आदल्या दिवशीच कापून घासून ठेवा. दाढीचं पातं ऐनवेळी तिथे फिरवू नका. न दिसणारे काप राहतात. मूळव्याध दुखत असेल, फिशर (गुदद्वाराला पडलेली चीर) असेल किंवा पोट बिघडलं असेल तर त्या दिवशी बेत रद्द. कंडोम फाटला आणि धोका वाटला तर 72 तासांच्या आत एचआयव्ही रोखणारी औषधं सुरू करावी लागतात. जितक्या लवकर तितकं चांगलं. नंतर रक्त थांबत नसेल किंवा पोटात सणकून दुखत असेल तर लाज बाजूला ठेवून डॉक्टरांना खरं कारण सांगा.

आणि एवढं करूनही कधी थोडी घाण लागलीच, तर? आमच्याकडे त्यासाठी उशाशी एक गडद रंगाचा टॉवेल आणि ओले रुमाल असतात. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा मी मेल्याहून मेल्यासारखा झालो होतो. जोडीदाराने टॉवेल उचलला, बादलीत टाकला आणि विचारलं, "चहा ठेवू का?"