रेघ ओढण्याआधी

प्रिय विद्यार्थिनीस,

अविनाश साबळेच्या वेळांवरून तू काढलेला आलेख पाहिला. नोंदी नीट जमवल्या आहेस. पुढच्या वर्षांच्या वेळांचा अंदाज म्हणून त्यांवरून ओढलेली सरळ रेघ मात्र मला पटली नाही.

२०१८ मध्ये भुवनेश्वरला बीडच्या या पठ्ठ्याने ३००० मीटर स्टीपलचेस (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायची शर्यत) ८:२९.८० मध्ये पूर्ण केली आणि गोपाल सैनींचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत तो ८:११.२० वर आला. चार वर्षांत १८.६० सेकंद! याच वेगाने तुझी रेघ २०२४ साठी ८:०२ च्या आसपास सांगते आणि २०२६ मध्ये लामेचा गिर्माचा ७:५२.११ हा जागतिक विक्रम जवळपास गाठते. प्रत्यक्षात जुलै २०२४ मध्ये पॅरिसला डायमंड लीग या ॲथलेटिक्स स्पर्धामालिकेत त्याने ८:०९.९१ वेळ दिली. म्हणजे दोन वर्षांत जेमतेम सव्वा सेकंद. त्यात त्याचं काही चुकलं नाही. विक्रमाच्या जवळ जाल तसा एकेक सेकंद महाग होतो, आणि हे सरळ रेघेला कळत नाही.

पुढचं बघ. महिन्याभरात, त्याच शहरात, ऑलिम्पिक फायनलला तो ८:१४.१८ मध्ये अकरावा आला. आता याला तू घसरण म्हणणार का? डायमंड लीगला पेसमेकर वेग लावून देतात. ऑलिम्पिकला ते नसतात, सगळे एकमेकांवर डोळा ठेवून धावतात. शर्यत कसली होती हा रकानाच तुझ्या तक्त्यात नाही. १०० मीटर घेतलंस तर वाराही लिहावा लागेल.

जलतरणात तर हे फारच नडतं. २५ मीटरच्या तलावात वळणं जास्त, भिंतीला रेटा देण्याची संधी जास्त, म्हणून वेळ कमी येते. ५० मीटरच्या तलावातल्या वेळा त्यात मिसळू नकोस. २००९ च्या रोम जागतिक स्पर्धेत पॉलीयुरेथेनच्या (तरंगायला मदत करणाऱ्या प्लास्टिकसारख्या) पोशाखांमुळे ४३ विश्वविक्रम झाले, आणि १ जानेवारी २०१० पासून ते पोशाख बंद झाले. जर्मनीच्या पॉल बीडरमानचा २०० मीटर फ्रीस्टाइलचा १:४२.०० हा विक्रम तिथलाच. त्या पोशाखांची २००८ आणि २००९ ही दोन वर्षं न सांगता मॉडेलला, म्हणजे अंदाज काढणाऱ्या गणिताला, दिलीस, तर पुढचे सगळे पोहणारे त्याला आळशी वाटतील.

आणखी एक, हे जरा कडू लागेल. तू फक्त पर्सनल बेस्ट घेतलेस. बेस्ट म्हणजे वारा, पाय, झोप, सगळं जुळून आलेला दिवस. पुढची शर्यत बहुधा त्याहून हळूच होणार. हंगामातल्या सगळ्या वेळा घे, क्रमाने लावून मधोमधची वेळ काढ.

मग २०२२ नंतरच्या नोंदी झाकून ठेव, मॉडेलकडून त्या ओळखून घे, आणि शेजारी अगदी बाळबोध अंदाज मांड: यंदाची वेळ गेल्या हंगामाइतकीच. तुझं गणित त्याला हरवतं का, ते मला कळव. अंदाज एका आकड्यात नको. कुठून कुठपर्यंत, ते लिही.

तक्ता रविवारपर्यंत पाठव. आलेख नंतर काढू.

तुझा,
सर