उंची ठरावात लिही: स्मारक समितीच्या नव्या सचिवास

प्रिय सचिवबाई,

समितीत सगळ्यांत लहान तू, म्हणून इतिवृत्ताची वही तुझ्या गळ्यात पडली. बाकीच्यांना अध्यक्षपदात मान दिसतो, दिसू दे. पुतळ्याच्या कामात भांडण पेटलं की सगळे त्या वहीकडेच धावतात, आणि जे तिच्यात नाही ते झालंच नाही असं धरलं जातं.

‘सर्वांचा एकमताने पाठिंबा आहे’ असं तू कळवलंस. ज्यांचा पुतळा व्हायचा त्यांना पाठिंबा असतोच. एकमत फुटतं ते जागेवर, उंचीवर, चेहऱ्यावर आणि कोनशिलेवर. यातलं प्रत्येक भांडण धातू ओतण्यापूर्वी होऊन गेलेलं बरं. मातीत बोट घालून नाक बदलता येतं, ब्राँझमध्ये ग्राइंडर लावावा लागतो.

जागेचं आधी बघ. सगळ्यांना पुतळा चौकाच्या मधोमध हवा असतो. सर्वोच्च न्यायालयाचा 18 जानेवारी 2013 चा आदेश आहे: सार्वजनिक रस्ते, पदपथ, रस्त्याकडेच्या आणि लोकोपयोगी सार्वजनिक जागांवर पुतळ्याला राज्य सरकारांनी परवानगी देऊ नये. वाहतूक बेट म्हणजे रस्ताच. हा आदेश पहिल्याच बैठकीत मोठ्याने वाच आणि वाचल्याची नोंद कर. सहा महिन्यांनी कळला तर त्याचं ‘विरोधकांनी खोडा घातला’ असं रूपांतर होतं आणि मग कागद दाखवूनही कुणी ऐकत नाही. मधला चौक सुटला की बाग, वाचनालयाचं आवार, नगरपरिषदेचं प्रांगण हे पर्याय उरतात. मालमत्ता पत्रक स्वतः काढून आण. ‘ती नगरपरिषदेचीच जागा’ असं गावभर म्हणतात आणि उताऱ्यावर सार्वजनिक बांधकाम विभाग निघतो. विकास आराखड्यात तिथून रस्तारुंदीची रेघ जाते का, हे नगररचनाकाराकडून लेखी घे. तोंडी ‘काही अडचण नाही’ला किंमत नाही.

सामान्य प्रशासन विभागाचा 2 मे 2017 चा शासन निर्णय छापून जवळ ठेव. परवानगी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीतून येते, नगरपरिषदेच्या ठरावातून नाही. ठराव ही फक्त सुरुवात. त्यावर जागेची कागदपत्रं, वास्तुविशारदाचा नकाशा, बांधकाम खात्याने तपासलेलं अंदाजपत्रक, कायदा-सुव्यवस्थेबाबत पोलिसांचा अभिप्राय, मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता आणि देखभालीची हमी, एवढं रचत न्यायचं. त्याच व्यक्तीचा दुसरा पुतळा 2 किलोमीटरच्या त्रिज्येत नको, अशीही अट आहे. शाळेच्या आवारातला जुना अर्धपुतळा कुणीतरी ऐनवेळी बरोबर शोधून काढतो, तेव्हा तूच आधी शोध.

परवानगी रेंगाळली की ‘रातोरात बसवून टाकू, मग कोण काढतंय’ असं म्हणणारे दोघे-तिघे प्रत्येक समितीत असतात. त्यांना एवढंच विचार, की ताडपत्रीत गुंडाळलेल्या, पोलीस बंदोबस्तातल्या पुतळ्याशेजारी जयंतीला कोण कोण उभं राहणार आहे.

आता उंची. वाद सगळ्यांत जास्त इथेच होतो आणि लिखाणही सगळ्यांत ढिलं इथलंच. ‘भव्य पूर्णाकृती पुतळा’ असा ठराव झाला तर त्यात काहीच ठरलेलं नाही. ‘9 फूट’ लिहिलं तरी अर्धंच. चबुतरा धरून की सोडून? एक गट एक मोजतो, दुसरा दुसरं, आणि दोघेही प्रामाणिक असतात. ठरावात सलग लिही: पूर्णाकृती उभा, पायाच्या तळापासून डोक्याच्या टोकापर्यंत 9 फूट, चबुतरा जमिनीपासून 8 फूट, धातू ब्राँझ, सिटी सर्व्हे नंबर अमुक, क्षेत्रफळ तमुक, खर्च कोणत्या निधीतून, देखभाल कोणाकडे.

शेजारच्या गावाने 12 फुटी बसवला की तुमच्याकडेही ‘मग आपला का नाही?’ सुरू होणार. तेव्हा भावनेला हात न घालता हिशेब मांड. ब्राँझचा 6 मिलिमीटर जाडीचा पत्रा चौरस मीटरला साधारण 53 किलो भरतो. 9 फुटी उभ्या पुतळ्याचा पृष्ठभाग, वस्त्राच्या चुण्या धरून, 6 चौरस मीटर मानला तर नुसती कातडी 320 किलोच्या आसपास. तोच 12 फूट केला तर उंची 33 टक्के वाढते, पण पृष्ठभाग पावणेदोनपटीवर जातो आणि वजन 560 च्या पुढे. वाऱ्याचा हिसका आणखी चढतो: जोर पृष्ठभागाबरोबर वाढतो, तो लागण्याची उंचीही वाढते, म्हणून पायाशी उलथवणारी ताकद जवळजवळ दोन पूर्णांक चार पट होते. म्हणजे आतला सांगाडा नवा, बोल्ट नवे, पाया नवा, संरचना अभियंत्याचं प्रमाणपत्र नवं, मान्यताही नवी. ‘तीन फुटांनी काय होतंय’ हे वाक्य सभागृहात खपतं, पायाशी खपत नाही.

मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवछत्रपतींचा पुतळा 4 डिसेंबर 2023 ला अनावरण होऊन 26 ऑगस्ट 2024 ला कोसळला. मंजुरी सहा फुटांच्या मातीच्या नमुन्याला दिली होती, असं कला संचालनालयाकडून नंतर सांगण्यात आलं. जागेवर उभा होता 35 फुटांचा. तुमचं काम त्याच्यापुढे चिमुकलं आहे, पण मंजूर झालं ते आणि उभं राहिलं ते यांत फरक पडण्याची वाट तीच असते.

चेहऱ्याकडे येऊ. फोटो गोळा करताना घरच्यांकडून एकच ‘आवडता’ फोटो घेऊ नकोस. समोरचा, दोन्ही बाजूंचा, उभा, चालतानाचा, असे निदान सात-आठ हवेत आणि सगळे एकाच वयाचे. चाळिशीतला चेहरा आणि सत्तरीतला चष्मा अशी भेसळ झाली की कुणालाच ओळख पटत नाही, पण काय चुकलंय तेही सांगता येत नाही. वय कोणतं, टोपी की पगडी, हातात पुस्तक की काठी, पायात वहाणा की अनवाणी, हे शिल्पकाराने मातीला हात लावण्यापूर्वी ठरवून सह्या घे. (घोड्याचे किती पाय उचललेले त्यावरून स्वार कसा गेला ते कळतं, असं छातीठोक सांगणारा एकजण भेटेलच. असा कुठलाही नियम नाही. वाद घालू नकोस, चहा पाज.)

मातीचा नमुना पाहायला सगळे जाल तेव्हा नेहमीची चूक होते: नमुना टेबलावर असतो, सगळे वरून वाकून बघतात आणि ‘डोकं मोठं झालंय’ म्हणतात. शिल्पकाराने ते जाणूनबुजून किंचित मोठं ठेवलेलं असतं, कारण खालून बघताना डोकं लहान दिसतं. साधं गणित कर. चबुतरा 8 फूट, बघणाऱ्याची नजर 5 फुटांवर, म्हणजे पुतळ्याचे पाय नजरेच्या 3 फूट वर. नमुना 3 फुटी असेल तर तो मूळच्या एक तृतीयांश. तेव्हा त्याचे पाय नजरेच्या 1 फूट वर यायला हवेत. उंच स्टँडवर ठेवायला सांग आणि सगळ्यांना 6 फुटांवर उभं कर. म्हणजे प्रत्यक्षात 18 फुटांवरून दिसेल तसं दिसेल. प्रकाश वरून, एका बाजूने. समोरून ट्यूबलाइट मारली की चेहरा सपाट होतो आणि दोष भलत्याच कुणाला लागतो.

बघायला पाचच जण ने: घरचा एक, सत्ताधारी एक, विरोधी एक, ज्यांचा पुतळा त्यांना जवळून ओळखणारा एक वयस्कर माणूस आणि तू. विरोधी पक्षाचा माणूस मुद्दाम ने. जो मातीपाशी हजर होता तो अनावरणानंतर ‘हे आमचे साहेबच नाहीत’ म्हणू शकत नाही. चारही बाजूंचे फोटो छापून त्यांच्या मागे पाचही सह्या, आणि हरकत असेल तर सात दिवसांत लेखी. मुदत पाळ, कारण मोठ्या मापाची ओली माती वाट बघत नाही. रोज फडकं ओलं करून, वरून प्लास्टिक गुंडाळून ती जपावी लागते. उन्हाळ्यात दोन दिवस दुर्लक्ष झालं की कोपर आणि मनगटापाशी भेगा जातात. ‘पुढच्या बैठकीत बघू’ याचा अर्थ तिथे बोटभर माती गळून पडणं असा असतो.

कोनशिलेवर तर मैत्र्या तुटतात. पाटी साधारण 3 फूट रुंद, 2 फूट उंच. अक्षर इंचभर ठेवलं तर वरच्या वेलांट्या आणि खालचे उकार धरून एका ओळीला दोन इंच लागतात. समास सोडले की दहा ओळी उरतात. त्यांत ज्यांचा पुतळा त्यांचं नाव, तारीख, अनावरण कोणाच्या हस्ते, एवढ्यात सहा गेल्या. सतरा सदस्य चार ओळींत बसत नाहीत. पेन्सिलने कागदावर खऱ्या मापात आखून बैठकीत भिंतीला लाव. वाद आपोआप निम्मा होतो. राहिलेल्या निम्म्यासाठी माझं मत: चबुतऱ्यावर फक्त त्या व्यक्तीचं नाव आणि सनावळी. बाकी सगळी नावं प्रवेशापाशी वेगळ्या बुटक्या शिळेवर. पाहुणे, पालकमंत्री, खासदार, आमदार, नगराध्यक्ष यांचा क्रम समितीत ठरवायचा नाही. राजशिष्टाचारानुसार लेखी मागवायचा आणि तसाच कोरायचा. ऱ्हस्व-दीर्घ शाळेतल्या मराठीच्या बाईंकडून तपासून घे, कोरणाऱ्याला मजकूर फोनवर सांगू नकोस. आणि अनावरणाची तारीख कोरण्यापूर्वी निवडणुकीचा अंदाज घे. आचारसंहिता लागली की तारीख, पाहुणे आणि शिळा तिन्ही वाया.

पैशाचं थोडक्यात. वर्गणी घेणार असाल आणि समिती नोंदणीकृत न्यास नसेल, तर सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम 41 क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी आधी घे. गणेश मंडळं घेतात तीच. शिल्पकाराला पैसे टप्प्याने द्या: मातीची मान्यता, ओतकामाआधीची मेणाची प्रत, ओतकाम, जागेवर उभारणी, आणि दहा टक्के एक पावसाळा गेल्यावर. दर फुटावर ठरला तर पत्रा पातळ होतो, किलोवर ठरला तर उगाच जाड. म्हणून जाडी करारात लिहा. ब्राँझचं नेहमीचं मिश्रण 85 भाग तांबं आणि कथील, जस्त, शिसं पाच-पाच भाग. ओतताना दोन्ही बाजूंच्या समक्ष नमुना काढून, सील करून प्रयोगशाळेत पाठव.

‘घराघरांतून तांब्या-पितळेची भांडी गोळा करू’ ही कल्पना हमखास येते, भाषणात फार छानही वाटते. त्या ढिगात पितळ, कल्हई, डागाचं शिसं, सगळं असतं. ते भट्टीत गेलं की मिश्रण बिघडतं, जस्त धुरावाटे उडतं, ओतकामात छिद्रं राहतात आणि एका अंगाचा रंग दुसऱ्याशी जुळत नाही. भांडी घ्या, नावानिशी वजन करून पावती द्या, मोडीत विकून पैसे खात्यात भरा, आणि तसं पावतीवर आधीच छापा.

जयंतीची तारीख मंत्र्यांकडून घेऊन यायची आणि मग काम तिच्यामागे पळवायचं, ही रीत मोडता आली तर मोड. घाईत पहिला बळी जातो तो चबुतऱ्याचा. गवंडी बोल्ट अंदाजाने गाडून मोकळा होतो आणि पुतळा क्रेनला लटकलेला असताना कळतं, की पायातली भोकं दोन इंच सरकलेली आहेत. मग रात्री गॅसकटरने भोकं मोठी करतात, वर वॉशर ठोकतात, सकाळी फुलं टाकून झाकतात. शिल्पकाराकडून भोकांचा लोखंडी साचा आल्याशिवाय चबुतऱ्याचं काँक्रीट ओतू देऊ नकोस. बोल्ट आणि सांगाडा स्टेनलेसचे हवेत. ब्राँझला चिकटलेलं साधं लोखंड दमटपणात लवकर गंजतं. आत साचणारं पाणी निघायला तळाशी भोकं ठेवलीत का, हे स्वतः वाकून बघ. क्रेनच्या वाटेत विजेच्या तारा असतील तर महावितरणला पत्र आधी, फोन नंतर.

देखभालीच्या हमीपत्रावर सही करताना तीन प्रश्न विचारून उत्तरं वहीत घे. दिव्यांचं मीटर कोणाच्या नावावर? वर्षातून दोनदा सौम्य साबणाने धुऊन मेण कोण लावणार? आणि हार घालायला वर कसं चढायचं? शेवटचा सगळ्यांत महत्त्वाचा. शिडी नसली की कार्यकर्ते पुतळ्याच्याच हाताला धरून चढतात, आणि एका जयंतीला वीस जणांनी धरलेलं मनगट आतून सैल होतं. मागच्या बाजूने चबुतऱ्याला पक्का जिना नकाशातच घे. दुधाच्या अभिषेकाला मात्र आताच ठरावाने नाही म्हणा. वरचा रंग डागाळतो, आणि पुढे कधीतरी तो करायला येणारा कोणीतरी मोठाच माणूस असेल, तेव्हा नकार द्यायला तुझ्या हातात कागद हवा.

मालमत्ता पत्रक हातात आलं की कळव. नकाशा पाठवलास तर भोकांची मापं मी बघून देईन.