बाबांची आरएक्स आणि पंच केलेला नंबर

प्रश्न : वाळवा तालुक्यात राहतो. वडिलांनी १९९३ मध्ये यामाहा आरएक्स १०० घेतली होती, पासिंग एमएच १०. २००८ नंतर रिपासिंग (नोंदणीचं नूतनीकरण) केलं नाही. २०१४ मध्ये वडील गेले, तेव्हापासून गाडी गोठ्याच्या पडवीत उभी होती. मी ती पुन्हा रस्त्यावर आणतोय. टाकी, मडगार्ड, वायरिंग झालं. पण इंजिन जाम आहे आणि क्रँककेसला, म्हणजे इंजिनाच्या बाहेरच्या कवचाला, तडा गेलाय. मिस्त्री म्हणतो, जुन्या बाजारातून दुसरं इंजिन आणू, त्यावरचा नंबर घासून आपला नंबर पंच करून देतो. आरसी बुक हरवलंय, एक झेरॉक्स आहे, तिच्यावर पतसंस्थेचा बोजा दिसतो. आता पुण्याचा थोरला भाऊ म्हणतो, गाडी माझी. आई आहे, बहीण सासरी असते. मी काय करू?

उत्तर : तुमच्या पत्रात पाच-सहा अडचणी आहेत, पण त्यातली एकच मला झोप लागू देत नाही. म्हणून आधी तिच्याबद्दल.

मिस्त्रीला पंच उचलू देऊ नका. तुमच्या डोळ्यांसमोर आपलीच गाडी, आपलाच नंबर एवढंच दिसतंय. कायद्याला दिसतं ते असं, की एका इंजिनाची ओळख पुसली आणि दुसऱ्याची ओळख त्यावर चढवली. तो नंबर दाखवून तुम्ही आरटीओकडून नोंद करून घेतलीत तर ती फसवणूक होते. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ त्यासाठीच आहे. आणि ते बाजारातलं इंजिन कुणाच्या चोरीला गेलेल्या गाडीचं निघालं, तर कलम ३१७ म्हणजे चोरीचा माल जवळ बाळगणं. त्या कलमात ‘मला माहीत नव्हतं’ हा बचाव आहे, पण नंबर घासून घेणाऱ्या माणसाच्या तोंडी तो शोभत नाही. घासलं की नंबर गेला, असा मिस्त्रीचा समज असेल. पंचाचा ठोका बसतो तेव्हा खालचा धातूही दबतो. न्यायवैज्ञानिक प्रयोगशाळेत त्या जागेवर रसायन लावतात आणि पुसलेला आकडा वर आणतात. मोटार वाहन निरीक्षकाला तर तेवढंही लागत नाही. अक्षरांची धाटणी आणि पंचाची खोली बघूनच त्याच्या कपाळाला आठी पडते.

मग इंजिनाचं काय? आरएक्सचा इंजिन नंबर क्रँककेसवर असतो. ब्लॉक, पिस्टन, क्रँक, क्लच प्लेटा, गिअर हे सगळं बदललं तरी नंबर जागेवर राहतो आणि कायद्याच्या नजरेत ती साधी दुरुस्ती ठरते. म्हणून पहिला प्रयत्न क्रँककेस वाचवण्याचा. तडा नंबरच्या जागेपासून लांब असेल, तर आर्गन वेल्डिंग करून पुन्हा मशिनिंग करता येतं. कोल्हापूरचं उद्यमनगर तुमच्यापासून दूर नाही. नंबरच्या पट्टीला घासणी लागणार नाही एवढं मात्र तिथल्या माणसाला बजावून सांगा आणि काम सुरू होण्याआधी नंबरचा जवळून फोटो काढून ठेवा.

क्रँककेस खरोखर गेलीच असेल, तर इंजिन बदलण्याचा सरळ रस्ताही कायद्यात आहे. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. इंजिन बदललं की १४ दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवायचं आणि नवा इंजिन नंबर आरसीवर चढवून घ्यायचा. अट एकच, त्या इंजिनाचा बाप कागदावर दिसला पाहिजे. विकणाऱ्याचं बिल, ते ज्या गाडीचं होतं तिच्या आरसीची प्रत, गाडी भंगारात काढली असेल तर नोंदणी रद्द झाल्याचा कागद. यातलं काहीच देत नाही असा विक्रेता असेल, तर त्याच्याकडून चहासुद्धा घेऊ नका.

आरएक्सवाल्या पोरांमध्ये आरएक्स १३५ चा ब्लॉक बसवायची हौस असते. तुमच्या डोक्यात असेल तर काढून टाका. ९८ सीसीची नोंद असलेल्या गाडीत तो बसला की कंपनीने ठरवलेला मूळ तपशीलच बदलतो. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने कलम ५२ चा अर्थ कडक लावला आहे आणि अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. टाकीचा रंगही आरसीवर जो आहे तोच ठेवा. वेगळा द्यायचा असेल तर त्याचीही नोंद करावी लागते. सायलेन्सर मूळ घाटाचाच लावा, नाहीतर आवाजापायी पोलीस तो काढून घेतील ते वेगळंच.

आता कागद. आरसी हरवली म्हणून गाडीची नोंद हरवत नाही. सांगलीच्या आरटीओत अर्ज करून बी-रजिस्टरचा, म्हणजे गाड्यांच्या नोंदीच्या मूळ वहीचा, उतारा मागा. १९९३ ची नोंद मूळ वहीत असते. ती ऑनलाइन चढलेली नसेल तर ‘बॅकलॉग’ करून घ्यावी लागते, त्याला वेळ लागतो. उताऱ्यावरचे चासी आणि इंजिन नंबर गाडीशी ताडून पाहा. चासीचा नंबर हँडलखालच्या गळ्यावर असतो. गंज साफ करताना तिथे एमरी पेपर फिरवू नका. मिस्त्री नेमका तिथेच हात मारतात. आरसी हरवल्याची पोलिसांत नोंद करून नमुना २६ वर दुय्यम प्रतीचा अर्ज करायचा. बोजा उतरवायला नमुना ३५ आणि पतसंस्थेचा ना हरकत दाखला लागेल. पतसंस्था बुडाली असेल तर अवसायकाकडे, म्हणजे तिचा कारभार गुंडाळायला नेमलेल्या अधिकाऱ्याकडे जा, त्याला हा दाखला देता येतो.

नाव बदलायला नमुना ३१. मालक गेल्यावर वारसाने तीन महिन्यांत तो द्यायचा असतो, तुम्हाला वर्षं लोटली आहेत. म्हणजे दंड, नकार नव्हे. इथे भावाचा प्रश्न येतो. हिंदू उत्तराधिकार कायदा तुम्हाला लागू आहे आणि वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नाही असं धरून सांगतो. आई, तुम्ही, भाऊ, बहीण, चौघांचा सारखा हिस्सा. थोरला म्हणून त्याचा वाटा मोठा होत नाही, आणि गोठ्यात तुम्ही सांभाळली म्हणून तुमचाही होत नाही. आरटीओ इतर वारसांची प्रतिज्ञापत्रं मागेल आणि भाऊ सही देणार नाही.

माझा सल्ला विचाराल तर गाडी आईच्या नावावर करा. गाडी नावावर असायला वाहन परवाना लागत नाही, चालवणाऱ्याला लागतो. आईसाठी सही नाकारणारा मुलगा मी वकिलीत पाहिलेला आहे, पण विरळा. तुम्ही जो खर्च केलाय त्याच्या पावत्या नीट लावून ठेवा. पुढे कधी विकायची वेळ आली तर त्या उपयोगी पडतील. जुन्या आरएक्सला आज काय भाव येतो हे भावालाही ठाऊक असणार, नाहीतर एवढी वर्षं त्याला ती आठवली नव्हती.

नूतनीकरण नमुना २५ वर होतं. पंधरा वर्षांनंतर पाच-पाच वर्षांची मुदत मिळते. ऑगस्ट २०२५ च्या दुरुस्तीनंतर २० वर्षांपुढच्या मोटारसायकलला २,००० रुपये फी आहे. शिवाय पर्यावरण कर. खरा काटा उशिराच्या रकमेत आहे : मोटारसायकलला दरमहा ३०० रुपये. २००८ पासून सतरा वर्षं धरली तर २०४ महिने, म्हणजे ६१,२०० रुपये होतात! घाबरू नका, पण हा आकडा कार्यालयाकडून लेखी काढून घेतल्याशिवाय इंजिनावर पैसा ओतू नका. २००८ मध्ये हा दर नव्हता. जुन्या महिन्यांनाही आजचाच दर लावला असेल तर लेखी हरकत घ्या. आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांत कलम ५७ खाली अपील करता येतं.

‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येईल का, असं कुणीतरी सुचवेलच. २०२१ च्या नियमांत त्यासाठी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं लागतात आणि तशी गाडी रोज रस्त्यावर फिरवता येत नाही. सोडून द्या. पंधरा वर्षांवरची गाडी भंगारातच टाकावी लागते, हाही आपल्याकडचा कायदा नाही. लोक दिल्लीच्या बातम्या ऐकून सांगतात.

तोवर गाडी गावच्या रस्त्यावरसुद्धा काढू नका. वैध नोंदणीशिवाय चालवली तर पहिल्या वेळी २,००० ते ५,००० रुपये दंड आहे, विमा नसल्याचा २,००० वेगळा. दंडाचं मी फार मनावर घेत नाही. चाचणी म्हणून मारलेल्या फेरीत कुणाचा पाय मोडला, तर मोटार अपघात न्यायाधिकरणाने ठरवलेली भरपाई विमा कंपनी नव्हे, तुम्ही द्यायची. शेतातल्या स्वतःच्या बांधावर चालवून पाहा. आरटीओत नेताना छोट्या हत्तीत (टेम्पोत) घालून न्या.

निरीक्षकासमोर जाण्याआधी दिवे, हॉर्न, ब्रेक चालू हवेत, थर्ड पार्टी विमा आणि पीयूसी हवी. तुमच्या काळातल्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९,००० पीपीएमपर्यंत चालतं, त्यामुळे टू-स्ट्रोक असली तरी कार्बोरेटर नीट लावला आणि ऑइलचं प्रमाण नीट ठेवलं तर ती पास होते. नोंदणी झाली की उच्च सुरक्षा क्रमांक पट्टी बसवून घ्या, दुचाकीला ४५० रुपये अधिक जीएसटी.

बी-रजिस्टरचा उतारा हातात आला की त्यावरचा इंजिन नंबर आणि क्रँककेसचा फोटो मला पाठवा. दोन्ही जुळत असतील तर प्रतिज्ञापत्राचा मसुदा मी करून देतो. आईकडून अर्जावर सही घ्यायच्या आधी मात्र भावाला एकदा स्वतः फोन करा.