हातात नव्व्यांची जोडी, फ्लॉपवर (टेबलावर उघडलेले पहिले तीन सामाईक पत्ते) अठ्ठी-छक्की-तिर्री आणि त्यात दोन बदाम. ऑनलाइन पोकरमध्ये इथे किती बेट (पैज) लावावी?

तुम्ही बटणावरून (शेवटी बोलणाऱ्या जागेवरून) अडीच बिग ब्लाइंड (आधीच भरायची सक्तीची पैज; पुढचे आकडे याच मापात) रेझ केलं, फक्त बिग ब्लाइंडवाल्याने कॉल केला (तेवढेच भरले), स्मॉल ब्लाइंडचा अर्धा धरून पॉट साडेपाच झाला आणि समोरून चेक आला (पैज न लावता पाळी सोडली). मी साडेतीन ते चार लावले असते, म्हणजे पॉटच्या साधारण दोन तृतीयांश.

तुमचा हात आत्ता बहुधा पुढे आहे, पण नाजूक आहे. टर्नवर (चौथ्या पत्त्यावर) दश्शी ते एक्का यांपैकी काही पडण्याची शक्यता 43 टक्के आहे, रिव्हरपर्यंत (पाचव्या, शेवटच्या पत्त्यापर्यंत) धरली तर 68. समोर राजा-राणी असेल आणि तुम्ही दोन्ही पत्ते फुकट दाखवलेत, तर साधारण चारांतून एकदा तो तुम्हाला मागे टाकणार. त्याला घालवायला मात्र पॉटच्या एक तृतीयांश बेटही बऱ्याचदा पुरते.

थोडी मोठी बेट लावायची ती हातात दोन बदाम असलेल्यासाठी आणि एक्का-अठ्ठीवाल्यासाठी (त्याची अठ्ठ्यांची जोडी), कारण ते जात नाहीत, पैसे देतात. बदामाचा फ्लश (पाच बदाम) पुढच्या पत्त्यावर लागण्याची शक्यता 19 टक्के. एक तृतीयांश बेटला कॉल करायला त्याला जिंकण्याचे 20 टक्के लागतात, म्हणजे त्याचं जवळजवळ भागतं. दोन तृतीयांशला 28-29 लागतात. तिथे तो तोट्यात कॉल करतो, अर्थात फ्लश लागल्यावर तुम्ही त्याला आणखी पैसे दिले नाहीत तर!

मी सुरुवातीला अशा हातावर घाबरून साडेपाचच्या पॉटमध्ये वीस लोटायचो. वाटायचं, जोडी सांभाळली. प्रत्यक्षात एक्का-अठ्ठी फोल्ड व्हायची, जिने टर्नलाही पैसे दिले असते, आणि कॉल यायचा तो छक्क्यांच्या सेटकडून (तीन छक्क्या). उलट घाईत स्क्रीनवरची सगळ्यात छोटी कळ दाबण्यानेही मी बरेच पॉट घालवलेत.

आणखी एक, ही साइझ फक्त नाजूक जोड्यांसाठी राखून ठेवू नका. नोट्स ठेवणारे दोन-चार सेशनमध्ये ओळखतात. बदामाचे ड्रॉही (फ्लशला एक पत्ता कमी असलेले हात) कधीकधी याच आकड्याने खेळा.

टर्नवर काळी दुर्री आली तर पॉट साडेबाराच्या आसपास असेल, तिथे पुन्हा आठ लावा. राजा आला तर मागून चेक करा आणि रिव्हरला छोटी बेट आली तरच बघा.